साठ उंबऱ्यांचा केक

नोकरीत माझं काम नाही म्हणण्याचं होतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं मी मालाची तपासणी केली. समोर आलेला सुटा भाग मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा, आणि केसभर फरक असला तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा. अशा कामात मित्र फार होत नाहीत. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात माझ्याबद्दल बोलायला उभा राहिलेला सहकारी बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलला. ते घड्याळ मला भेट मिळणार होतं, म्हणून विषयाला धरून होतं असं म्हणता येईल.

घरी बसल्यावर तिसऱ्या महिन्यात मी केक करायला लागलो. त्याला मोठं कारण नाही. बायको शाळेत शिकवायला जायची, ओव्हन माळ्यावर पडून होता, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत तापमानाचा तक्ता होता. तक्ता दिसला की मला बरं वाटतं. पहिला केक मधोमध खचला. मी वहीत नोंद केली, कारण शोधलं, दुसरा जरा कमी खचला. अकराव्या केकाला बायको म्हणाली, "हा शेजारी द्यायला हरकत नाही." पुढं सोसायटीतली मुलं मला केकवाले काका म्हणायला लागली. एकोणतीस वर्षांत मला 'साहेब आले रे' यापलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी आक्षेप घेतला नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातला एकही केक तोंडात घातला नव्हता. ते शेंद्र्याच्या पलीकडे आमच्या गावी धाकट्या भावाकडे राहतात. कधी शहरात आमच्याकडे आले की मी बशी पुढं करायचो आणि ते ती माझ्या मुलीकडे सरकवायचे. "मला दात नाय," म्हणायचे. केकाला दात लागत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. गावात कुणी विचारलं की थोरला हल्ली काय करतो, तर ते 'घरी बसून गोड पाव भाजतो' असं उत्तर देतात, हे मला भावानं हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. चौपन्न वर्षांच्या माणसाला, वडिलांनी आपला केक चाखून बरा म्हणावा असं वाटणं शोभत नाही. पण मला वाटत होतं.

अण्णांचं म्हणणं मला एवढं का लागायचं, ते समजायला कोठी म्हणजे काय ते सांगावं लागेल. गावाकडं लग्नकार्यात स्वयंपाक तयार झाला की तो एका खोलीत नेऊन ठेवतात. ती कोठी. तिच्या दारात एक भरवशाचा माणूस बसवतात. वाढप्यांनी रिकामी बादली घेऊन यायचं, आणि त्यानं पंगतीकडं एक नजर टाकून किती द्यायचं ते ठरवायचं. हात सैल सोडला तर तिसऱ्या पंगतीला खुटतं, आखडता घेतला तर पहिल्या पंगतीत नाव जातं. आमच्या पंचक्रोशीत कोठीवर अण्णाच. पन्नास वर्षांत त्यांच्या हाताखाली कधी काही खुटलं नाही, अशी त्यांची ख्याती. लोक लग्नाची तारीख धरताना आधी अण्णा मोकळे आहेत का विचारायचे आणि मग भटजींकडं जायचे.

आणि हे सगळं न मोजता. आमचं घराणं मेंढरांचं. अण्णांचं निम्मं आयुष्य कळपामागं गेलं, आणि मेंढरं मोजली की कमी होतात यावर त्यांचा ठाम विश्वास. दिवस मावळताना कळप जाळीत शिरताना ते नुसते बघत उभे राहायचे आणि एक नाही म्हणून सांगायचे, कुठली नाही तेही सांगायचे. अशा घरातून मी मोजमापाच्या धंद्यात गेलो. कोठीवरच्या माणसाचा आणखी एक नेम असतो. तो सगळ्यांत शेवटी जेवतो. त्यामुळे अण्णांनी उभ्या जन्मात लग्नातलं गरम जेवण खाल्लं असेल असं मला वाटत नाही.

तर अण्णांना पंचाहत्तर झाली. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर झाली. दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे, कारण त्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख हेडमास्तरांनी एक जूनच लिहिली. खरी तारीख कुणाला ठाऊक नाही. आजीला विचारलं तर ती 'जवारी काढायला आली व्हती' एवढंच सांगायची, आणि ज्वारी काही जूनमध्ये काढत नाहीत. भावानं मात्र दाखला प्रमाण मानून गावजेवण ठरवलं. चौकात फ्लेक्स लावला. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे त्यात अण्णा पकडून आणल्यासारखे दिसत होते.

भावाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "गोड माझ्याकडं. बुंदी सांगू नकोस."

"दादा, राहू दे. तू जेवायला ये फक्त."

"केक करतो. सगळ्यांना पुरेल असा. किती?"

"साठ उंबरे."

उंबरा म्हणजे घर, एवढं मला कळत होतं. गावचं बोलावणं म्हणजे घरटी एक माणूस येणार, हेही मला कळत होतं, निदान मी तसं समजत होतो. तरी खात्री असावी म्हणून मी व्हॉट्सॲपवर विचारलं, 'नक्की किती?' त्यावर त्याचं उत्तर आलं, 'साठ'. मी वहीत साठ लिहिलं, त्यावर वीस टक्के जादा धरले, बहात्तर झाले. तीन इंच बाय तीन इंचाचे बहात्तर तुकडे. केक भाजायचे तीन पत्रे, प्रत्येकात चोवीस. हिशोब इतका सुरेख बसला की मी तो बायकोला दाखवला.

ती म्हणाली, "अंडं घालू नका. गावात निम्म्या गळ्यात माळ आहे."

बिनअंड्याचा केक मला मनापासून आवडत नाही. तो फुगतो, पण नाइलाजानं फुगतो. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, वाढदिवस तुमचा नाही. मग खवा, दही, तूप आणि वेलची असा मावा केक ठरला.

एवढा केक घरच्या ओव्हनमध्ये करायचा तर दोन दिवस गेले असते. आमच्याकडं शहरात जुनी रीत आहे, दिवाळीला आपलं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीवर जायचं आणि भट्टीत नानकटाई भाजून आणायची. मी त्याच हिशोबानं आदल्या दुपारी जुन्या शहरातल्या एका बेकरीत गेलो. पावाचा घाणा पहाटे निघून गेला की दुपारी भट्टी उतरत्या आचेवर रिकामी असते. बेकरीवाले चाचा पोत्यावर बसून वारा घेत होते.

"कित्ते पीस?" त्यांनी विचारलं.

"बहात्तर."

"आदमी कित्ते?"

"साठ."

"फिर बहत्तर कायकू?"

मी त्यांना वीस टक्के जादा धरण्याचं तत्त्व समजावलं. ते ऐकून चाचा "हौ" म्हणाले. आजारी माणसाला म्हणतात तसं.

"अंडे कित्ते डालें?"

"अंडे नहीं."

"बिना अंडे का? फिर उसको शीरा बोलो ना, मियाँ."

मी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर बरोबर नेला होता. तो लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवून भट्टीत सरकवला. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला आणि तो आजही तिथंच आहे. चाचा म्हणाले, "ये भट्टी पढीलिखी नहीं है." त्यांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकला, तो किती वेळात तांबूस होतो ते बघितलं, आणि अजून थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. पुन्हा चिमूट टाकली. मग पत्रे आत गेले.

केक चांगला झाला. हे मी म्हणतोय, म्हणजे चांगला झाला. तीनही पत्रे एकसारखे फुगले, रंग एकसारखा आला. एका पत्र्याचा तळ जरासा करपला आणि कागदाला चिकटला, त्याची मी नोंद केली. चाचांनी पत्र्याच्या काठाला चिकटलेलं थोडं काढून तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "शीरा अच्छा है." घरी आणून मी स्टीलच्या पट्टीनं खुणा करून बहात्तर तुकडे कापले. एकही तुकडा वाकडा नव्हता. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आम्ही गावात पोचलो. पत्रे मागच्या सीटवर, एसी त्यांच्याकडं वळवलेला, बायको पुढं उन्हात. घरामागच्या मोकळ्या जागेत मांडव होता. आचाऱ्यांनी तीन चुली पेटवल्या होत्या, आणि त्यातल्या एका कढईत आमची दोन माणसं बसून अंघोळ करू शकली असती. वांग्यांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत होता.

मी भावाला विचारलं, "एवढं कोण खाणार?"

"गाव," तो म्हणाला.

"साठ माणसांना एवढं?"

"साठ मानसं कोन म्हनलं? साठ उंबरे. चूलबंद सांगितलंय."

मी तिथंच एका खुर्चीवर बसलो. ती आचाऱ्याची निघाली, त्यानं मला उठवलं.

आवतन दोन तऱ्हेचं असतं. घरटी म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस. चूलबंद म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही. म्हातारी, लेकुरवाळी, माहेरी आलेली लेक, पाहुणा, सगळ्यांनी इकडंच जेवायचं. गावातल्या माणसाला तुम्ही 'किती' विचारलं तर तो उंबरेच सांगणार. विचारायचं असतं 'आवतन कसं?' हे मला लहानपणी माहीत होतं. तीस वर्षं शहरात राहून मी किती विचारायला शिकलो होतो आणि कसं विचारायचं विसरलो होतो.

अर्थात हे मी तेव्हा बोललो नाही. तेव्हा मी खिशातून मोबाइल काढला आणि भावाला त्याचा 'साठ' हा मेसेज दाखवला. माझ्याकडं लेखी पुरावा होता. भावानं पुरावा वाचला आणि म्हणाला, "बरं मग? ह्ये वाढू का पंगतीत?"

साठ चुलींची माणसं तीनशेच्या आसपास होणार होती. केकाचे तुकडे बहात्तर. बुंदी मीच सांगू दिली नव्हती. म्हणजे अण्णांच्या पंचाहत्तरीच्या जेवणात चार माणसांतल्या तिघांच्या ताटात गोड नसणार होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर लोक म्हणाले असते, होतं असं. पण ज्या माणसाच्या हाताखाली पन्नास वर्षांत मीठ कमी पडलं नाही, त्याच्याच दारात गोड खुटलं, हे गावानं पुढची पन्नास वर्षं सांगितलं असतं. आणि ते खुटवणारा त्याचाच थोरला, तपासणी साहेब. मला घाम फुटला. जून महिना होता, तरीही हा घाम वेगळा होता.

भावानं करमाडच्या हलवायाला फोन केला, मग चिकलठाण्याच्या, मग आणखी एकाला. लग्नाची दाट तीथ होती. एकाकडंही दहा किलो बुंदी तयार नव्हती. आचारी म्हणाला, शिरा करतो, पण रवा आणि तूप आणायला शहरात जायचं, यायचं, तोवर पहिली पंगत उठणार. भाऊ म्हणाला, "एक काम करू. केक फोटोपुरता कापू, आन् झाकून ठिवू. गोडाचं कुनी इचारलं तर बघू."

"अण्णांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"मला काय सांगायचंय?" अण्णा म्हणाले.

ते कोठीच्या दारात उभे होते. स्वतःच्या वाढदिवसालाही ते सकाळपासून कोठीवरच बसले होते, कारण दुसरा भरवशाचा माणूस त्यांना मिळाला नव्हता. नवं धोतर, नवा फेटा, आणि चेहरा फ्लेक्सवरच्यासारखाच. भाऊ चुलीकडं वळला. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. साठ, वीस टक्के, बहात्तर, सगळं सांगितलं. ते सांगताना तो हिशोब अजिबात सुरेख वाटत नव्हता. मला लाज वाटली, आणि ती लपवावी एवढीही अक्कल मला त्या वेळी सुचली नाही. "चूक माझी आहे," मी म्हणालो. हे वाक्य एकोणतीस वर्षांत मी दुसऱ्यांकडून पुष्कळदा वदवून घेतलं होतं, स्वतः पहिल्यांदाच म्हटलं.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पत्र्यांपाशी आले, एका पत्र्याची कड उचलून हातानं वजन घेतलं, परत ठेवली. वाकून वास घेतला. मग मला विचारलं, "अंडं हाय ह्याच्यात?"

"नाही."

"एकबी?"

"एकही नाही. बायकोनं घालू दिलं नाही."

"सून शहाणी हाय," अण्णा म्हणाले. "उचला पत्रे. म्हसोबाकडं चला."

आमच्या बांधावर निंबाखाली म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, गुडघ्याएवढा. त्याला बोकड चालतो, पण केकात अंडं असतं तर चाललं नसतं. या विषयावर चर्चा करण्याची ती वेळ नव्हती. एक पत्रा भावाच्या डोक्यावर, एक माझ्या, एक एका आचाऱ्याच्या, आणि पुढं अण्णा तांब्या घेऊन. मी आजवर बरेच केक बरेच ठिकाणी पोचवले आहेत, पण डोक्यावरून, अनवाणी, ढेकळांतून पहिल्यांदाच. अण्णांनी कोपऱ्यातला एक तुकडा देवापुढं ठेवला, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. आम्हीही जोडले. म्हसोबानं काही आक्षेप घेतला नाही.

परत आल्यावर अण्णांनी सांगितलं, "पंगतीत वाढायचं नाय. पत्रावळीवर घास बारका दिसतो, आन् लोक आनिक मागत्यात. जेवून हात धुतला की ज्याच्या त्याच्या हातावर. केक म्हनायचं नाय. परसाद म्हनायचं. परसादाला माप नसतं."

मला आठवलं, लहानपणापासून मी शेकडो वेळा प्रसाद घेतला होता आणि एकदाही तो कमी आहे असं मनात आलं नव्हतं. कण मिळाला तरी तो पूर्ण असतो. कुणी दुसऱ्याच्या तळहाताकडं बघून तुलना करत नाही. हे मोजमाप बंद पाडायचं एवढं सोपं तंत्र माझ्या डोळ्यांसमोर चौपन्न वर्षं होतं.

उन्हं कलल्यावर पहिली पंगत बसली. वाढपी बादल्या घेऊन कोठीवर यायचे, अण्णा बघायचे, द्यायचे. कुणीतरी गोडाचं विचारलंच. भाऊ म्हणाला, "परसाद हाय शेवटाला." विचारणाऱ्यानं मान डोलावली आणि भात मागितला. मी अण्णांच्या मागं उभा होतो.

पंगत उठली तसे अण्णा कोठीची चावी तेवढ्यापुरती भावाकडं देऊन पाण्याच्या टाकीपाशी येऊन उभे राहिले. तेलाच्या रिकाम्या डब्यावर पत्रा. मी सुरी पुढं केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि माझा तीन इंच बाय तीन इंचाचा तुकडा बोटांनी तोडला. पट्टीनं कापलेल्या कडा एका क्षणात गेल्या. त्यांनी त्यातला घास पहिल्या माणसाच्या हातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि मग तोंडात टाकला. पुढच्यानंही कपाळाला लावला. मी बनवलेला केक लोक कपाळाला लावत होते. माझ्या मालाला असा शेरा आजवर मिळाला नव्हता, आणि असा शेरा कुठल्या रकान्यात लिहायचा तेही मला माहीत नव्हतं.

मी मोजायला लागलो होतो. सवय. चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मला दिसलं की अण्णा माणसाकडं बघतच नाहीत. त्यांची नजर मांडवावर होती, अजून किती बसलेत, किती दारातून येतायत त्यावर, आणि बोटं आपली तोडत होती. दुसरी पंगत उठली तेव्हा घास जरा लहान झाला. केसभर. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण माझा सगळा जन्म केसभर फरकावर गेलेला. शेजारच्या वस्तीवरून एक टेम्पो भरून माणसं उतरली तेव्हा घास आणखी केसभर लहान झाला. कारखान्यात असतो तर मी तिथंच लाल चिठ्ठी लावली असती. तिथं मी मोजणं सोडलं आणि नुसता पत्रा धरून उभा राहिलो.

एक म्हातारी दुसऱ्यांदा आली. पहिल्यांदा हिरवा पदर डोक्यावर होता, आता खांद्यावर घेतला होता, बाकी काही लपवलं नव्हतं.

मी हळू आवाजात म्हणालो, "अण्णा, यांना दिलंय."

"मंग?" अण्णा म्हणाले, आणि पहिल्याएवढाच घास तिच्या हातावर ठेवला. "घे गं. तुझ्या मालकाचा ऱ्हायला व्हता." तिचा मालक जाऊन सहा वर्षं झाली होती, हे भावानं मला नंतर सांगितलं. म्हातारीनं घास कपाळाला लावला आणि अण्णांकडं बघून निघून गेली.

शेवटच्या पंगतीला आचारी, वाढपी आणि भाऊ बसले. तिसऱ्या पत्र्यात तेव्हा दोन तुकडे होते. सगळे जेवून उठले, अण्णांनी त्यांच्या हातावर ठेवलं, आणि पत्रा रिकामा झाला. नेमका. कुणी एक माणूस जास्त आला असता तर पुरलं नसतं, एक कमी आला असता तर उरलं असतं. मी वीस टक्के जादा धरून चुकलो होतो, आणि यांनी काहीच न धरता बरोबर आणलं होतं. लोक नमस्कार करून निघून गेले. फाटकातून बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा बसलाय कोठीवर, खुटंल कसं?" ते ऐकल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला रडू आलं असतं, पण शेजारी आचारी कढई घासत होता.

कोठीत अण्णा पोत्यावर बसले होते. समोर तीन रिकामे पत्रे. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अण्णा, तुम्हाला ठेवलाच नाही," मी म्हणालो. "वाढदिवस तुमचा, आणि तुम्हालाच नाही."

"मी काय आज जल्मलो व्हय? त्ये हेडमास्तरनं लिवलंय."

"मी उद्या घरी करून आणतो. तुमच्यापुरता."

अण्णांनी समोरचा पत्रा सरळ केला. म्हणाले, "तुझ्या आत्याच्या लग्नात बुंदी खुटली व्हती. निम्मं गाव बसायचं ऱ्हायलं व्हतं. कोठीवर मी. पैल्यांदाच बसलेलो."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. तवा बी म्हसोबाच आला कामाला."

"हे कुणाला माहीत आहे?"

"म्हसोबाला." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "एकदा खुटलं ना, की मानूस पुन्यांदा खुटू देत नाय. ज्याचं कधीच खुटलं नाय, त्याला मी कोठीवर बसू देनार नाय."

मग त्यांनी तळ करपलेला पत्रा पुढं ओढला. त्याच्या कागदाला केकाचा पातळ थर चिकटून राहिला होता, मी वहीत दोष म्हणून लिहिला होता तो. अण्णांनी चमच्याच्या कडेनं तो सावकाश खरवडला. चांगली वाटीभर खरवड निघाली. त्यांनी तिचे कागदावरच दोन वाटे केले. मोजून नाही. मोठा माझ्याकडं सरकवला आणि पोत्यावर थोडं बाजूला झाले.

"बस," ते म्हणाले. "कोठीवाल्यांनी शेवटी खायाचं असतं."

कोठीवाल्यांनी. त्यांनी अनेकवचन वापरलं होतं. मी बसलो. खरवड करपल्याची कडसर लागत होती, पण मी सगळी खाल्ली. अण्णांनी त्यांचा वाटा संपवला, कागदावर बोट फिरवून तेही चाटलं.

"ह्याला दात लागत नाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "नाही लागत."